देव्हाऱ्यापुरती सूट

वैजयंताबाई नेमाची तुपाची वात लावून उठल्या, तोच शेजारच्या फिलोमिनाबाई दारात आल्या. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात नवऱ्याचा फोटो. केस ओले निथळत होते.

"ताई, तिसऱ्यांदा भिजवलं हो मला छतानं. आज वर्ष झालं ह्यांना जाऊन."

देशाची नमुना बांधकाम संहिता, म्हणजे राज्यांनी स्वीकारायचे घरांचे नियम, घरं आता स्वतःच वाचत आणि पाळत. उघडी ज्योत दिसली की छत पाणी सोडे. राज्यानं ती स्वीकारताना एकच दुरुस्ती केली होती : देव्हाऱ्यातल्या दिव्याला सूट.

"कुठल्या शहाण्यानं लिहिलं हे? आमचा येशू दिसला नाही त्याला?"

राज्याच्या दुरुस्ती समितीत ती ओळ वैजयंताबाईंनीच घातली होती, केवढ्या भक्तीनं! दुसऱ्या कुणाची ज्योत तेव्हा मनात आलीच नव्हती.

"मीच लिहिलं," त्या कशाबशा म्हणाल्या.

फिलोमिनाबाईंनी फोटो पुढे केला. "मग तुमच्या देव्हाऱ्यात लावू द्या ना. प्रार्थनेपुरती."

वैजयंताबाईंनी देव थोडे सरकवून फोटोला जागा केली. मेणबत्ती पेटली. छतातून एक थेंबही पडला नाही, आणि वैजयंताबाईंना मान वर करवेना.