शिमग्यापुरतं घर

अंगणातल्या दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती. ती पाहून सहदेव जागीच थबकला. वरच्या आळीत ढोल वाजायला लागला होता, पालखी निघाली होती, आणि जे घर आज रिकामं असायला हवं होतं त्यात भाडेकरू अजून तसेच होते.

सहदेवचा सगळा कारभार गोडी लावण्यावर चालायचा. पोलादपुरात त्याच्या खोल्या भाड्याने होत्या. जो वेळेवर भाडं देई त्याच्याकडे परसातले आंबे पोचत. जो गळका नळ स्वतःच नीट करून घेई त्याला दिवाळीला नव्या तांदळाची पिशवी. दमदाटीने माणूस हलत नाही, त्याला गोडी लावावी लागते, असं तो बायकोलाही ऐकवायचा. मला कधी लावलीत, असं ती विचारायची आणि तो विषय बदलायचा.

फक्त राहीबाईपुढे त्याची मात्रा चालली नव्हती. मुलाकडे मुंबईला राहणारी ही म्हातारी वाडीतलं घर विकायला काढून बसली होती आणि येईल त्या गिऱ्हाइकाला परत पाठवत होती. सहदेवने भाव वाढवून पाहिला. वर्षाचा तांदूळ मुंबईला पोचवतो म्हणाला, सामानाला टेंपो देतो म्हणाला. ती नुसती हसायची. शेवटी त्याने हात टेकले. "आजी, तुमाला हवंय तरी काय?"

"शिमग्याला पालखी येते रे दारात. दार बंद दिसलं तर देव पुढं जातो."

"मग शिमग्याला घर तुमचं. दर वर्साला. मी रिकामं करून देईन."

या एका शब्दावर तिने सही केली.

पुढे महाडच्या कंपनीत पाळीवर जाणारा किशोर आणि त्याची बायको सारिका तिथे राहायला आली, तेव्हा सहदेवने त्यांनाही गोडी लावली. शिमग्याला घर सोडून गावी जायचं, त्या महिन्याचं भाडं माफ. दोघं आनंदाने हो म्हणाली होती. आणि आज ही दुपटी. म्हातारी पहाटेच्या गाडीने उतरली असणार आणि आपल्याच दारातून माघारी फिरली असणार, या विचाराने तो तरातरा ओटीवर चढला.

"किशोर, काय ठरलं होतं आपलं?"

उत्तर आतून आलं. राहीबाई पाय पसरून बसली होती आणि पायांवर घेतलेल्या बाळाला तेल चोळत होती.

"त्याला ओरडू नको. दोघं निघालीच होती. मीच पिशव्या काढून घेतल्या."

"पण आजी, मी शब्द दिला होता तुमाला."

"तू पाळलास रे. मी आले तर अंगण सारवलेलं, पाणी भरलेलं. इतकी वर्सं शिमग्याला येत होते, कुलूप काढत होते, नि एकटीच दारात उभी राहत होते. पोराला रजा मिळत नाय. पालखी यायची, नारळ घ्यायची, जायची. देवाला तरी काय बरं वाटत असंल?"

ढोल अंगणात आला. राहीबाईने बाळ सारिकेच्या कडेवर दिलं आणि आरतीचं ताट घेऊन तिला शेजारी उभं केलं. पालखी ओटीवर टेकली. चौघांनी आणि त्या इवल्या जिवाने मिळून दार अगदी भरून गेलं होतं. सहदेवने डोळे टिपले.

पालखी पुढच्या घरी गेली. पण घरमालक तो घरमालकच. किशोरच्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "मग आता भाड्याची माफी काय राहिली नाय, बरं का."

राहीबाईचे कान अजून शाबूत होते.

"घर रिकामं करायला माफ केलं होतंस ना? आता भरलेलं ठेवलं म्हणून कर."