करंटचा चोर

"बाळ व्हायच्या आत ती जीप विकून टाका," थोरल्या बहिणीने धाकटीला बजावलं होतं. "एका घरात दोन हट्टी जीव पोसता येत नाहीत. एकाचं करायला जावं तर दुसरा भोकाड पसरतो."

धाकटीने ते हसण्यावारी नेलं. तीस वर्षांची गाडी कसला हट्ट करणार, म्हणाली.

आता बाळ आठ महिन्यांचं होतं, आणि गेले पाच आठवडे जीपने छळ मांडला होता. रविवारी नवरा बॅटरी चार्ज करून बसवायचा. गाडी खोकत, धूर ओकत जिवंत व्हायची, गल्लीतून एक चक्कर मारून विजयी मुद्रेने शेडमध्ये परतायची. पुढच्या शुक्रवारी चावी फिरवली की नुसतं टक्.

"करंट गळतोय," नवऱ्याने निदान केलं. कुठेतरी एखादी तार सोलली गेली असणार, ती गाडीच्या लोखंडाला चिकटून गुपचूप बॅटरी पीत असणार. "चोर घरातलाच आहे," तो जेवताना म्हणाला, आणि तिने मान खाली घातली.

कारण चोर त्याच्यासमोर बसून बाळाला वरण भरवत होता.

त्याचं असं झालं होतं. बाळ दुपारी झोपायचं नाव घेत नसे. गाणी म्हणून झाली, पाय ताणून मांडीवर हलवून झालं, घरभर येरझाऱ्या घालून तिच्या टाचा दुखायला लागल्या. एका दुपारी त्याला रमवायला ती शेडमध्ये गेली, जीपमध्ये बसली आणि चावी अर्धी फिरवली. डॅशबोर्डमागचा हवेचा पंखा घरघरायला लागला. दहा आकडे मोजून व्हायच्या आत बाळ गाढ.

तेव्हापासून, नवरा ऑफिसात असताना, रोज दुपारी दीड ते साडेतीन. दार सताड उघडं, बाळ मागच्या सीटवर, ती शेजारी. दर दोन मिनिटांनी त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायचा, आणि मधल्या वेळात चहा प्यायचा. गरम चहा गरम असताना पिता येतो, हे ती विसरूनच गेली होती.

पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर दोघं हसली असती. पण तेव्हा ती लाजली. दुसऱ्या आठवड्यात त्याने बॅटरीच्या केबल बदलल्या. तिसऱ्यात स्टार्टर उतरवून इलेक्ट्रिशियनकडे नेला. इलेक्ट्रिशियनने तो उलटसुलट करून, एवढा ठणठणीत स्टार्टर आपण नव्या गाडीतही पाहिला नाही, असं सांगून परत पाठवला. चौथ्यात नवऱ्याने निराशेवर उतारा म्हणून न चालणाऱ्या गाडीला डोंगर चढायचे टायर घातले. आता बोलायचं म्हणजे गळ्यात पाटी अडकवून उभं राहण्यासारखं होतं.

आणि माणूस किती राबत होता. ऑफिसातून आला की कपडे बदलायचा, टेस्टर, पाने आणि पाठीखाली घ्यायला जुनी सतरंजी घेऊन जीपखाली शिरायचा. मग तासभर फक्त दोन पाय दिसायचे. तेवढ्या वेळात हाक मारायची नाही, अशी सक्त ताकीद होती. दचकून डोकं आपटलं तर काय घ्या. शिवाय सोललेल्या तारेतून बारीक चरचर येते म्हणे, ती ऐकायला शांतता हवी. ती बाळाला घेऊन लांबूनच चाकांमागच्या विटा जागेवर आहेत ना एवढं पाहून जायची. तो बाहेर यायचा तेव्हा चेहरा असा टवटवीत, की छंद असावा तर असा, असं तिला वाटायचं. दुपारच्या चहाची तिला तेव्हा फार लाज वाटे.

शनिवारी सकाळी ऑफिसला निघताना त्याने जाहीर केलं. "खालच्या सगळ्या तारा झाल्या. आता संशय फक्त त्या पंख्यावर. उद्या डॅशबोर्ड उघडतो आणि पंखा मुळासकट काढून टाकतो. कुठे लागतो आपल्याला?"

तिने त्याच दुपारी, बॅटरीत उरलेल्या धुगधुगीवर, पंख्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घरात बाळाला ऐकवला. बाळाने मोबाइलकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि फसवणूक झालेल्या ग्राहकासारखा सूर लावला. तो सूर संध्याकाळपर्यंत चालला.

दिवेलागणीला ती बाळाला कडेवर घेऊन शेडमध्ये गेली. जीपखालून दोन पाय बाहेर आले होते, एकावर एक टाकलेले.

"हाक मारत नाहीये, दचकू नकोस," ती हळूच म्हणाली. "तो चोर मी आहे."

 मग तिने सगळं सांगितलं. दीड ते साडेतीन, चावी, पंखा, चहासुद्धा. केबल आणि स्टार्टरची माफी मागितली. तो संध्याकाळी इथे घामाघूम व्हायचा आणि आपण दुपारी वर मजेत बसायचो, हेही कबूल केलं. डाव्या पायाचा अंगठा किंचित हलला. रागावला, तिने ओळखलं. त्याच्या कष्टांची आपण माती केली.

"हवं तर गाडी वीक," ती डोळे पुसत म्हणाली. "पण गाडी जाईपर्यंत तेवढा पंखा राहू दे. मी पाया पडते तुझ्या."

आणि समोर होतेच म्हणून तिने खरंच वाकून पायांना हात लावला. तेव्हा जीपखालून, नवीन टायरांच्या मधून, एक लांबलचक, निवांत, पाच आठवड्यांच्या सरावाने मुरलेलं घोरणं ऐकू आलं.

तुमच्याकडेही कोणाचे पाय रोज संध्याकाळी गाडीखालून दिसत असतील, तर आधी एकदा वाकून बघून या.