पहिला हात

"चुकलो म्हणा!" मुलगा नळीला तोंड लावून ओरडला. "इथल्या सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणा. मग वर घेतो."

रहाटाभोवतीची माणसं नळीकडे सरकली. कड्याच्या अंगाने थेट खालच्या धक्क्यापर्यंत गेलेल्या त्या तांब्याच्या नळीतून आधी पाण्याची चुबुकचुबुक आली आणि तिच्या मागोमाग त्याच्या म्हाताऱ्या बापाचा आवाज.

"आधी वर घे. मग बघू कोण चुकलं ते."

भरती लागली होती. या शहरात भरती म्हणजे पायाला गुदगुल्या करणारं पाणी नव्हे. ती कड्यावर मजलेच्या मजले चढते. म्हणून इथे गलबतंसुद्धा साखळदंडांनी कड्याला टांगून ठेवतात आणि घरं कोरतात ती त्यांच्याही वर. धक्का तर बघता बघता बुडतो. म्हाताऱ्याला उतरवून गेलेलं गलबत केव्हाच लांब निघून गेलं होतं, आणि तो दोराला बांधलेल्या पाळण्यात मांडी घालून बसला होता. ओढायचा तेवढा अवकाश होता.

रहाट फिरवणारे गडी मात्र तटस्थ उभे होते. दोर त्यांचा, ताकद त्यांची, पण पहिला हात घरच्याचा. खालून येणाऱ्याच्या घरचं कुणीतरी रहाटाच्या दांडीला हात लावतं. म्हणजे हा आमचा, याचं बरंवाईट आमच्याकडे. तो हात लागल्याशिवाय दोर हलत नाही. कड्यावर माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तिथे बेवारशी माणूस कोण ठेवून घेणार?

"आई दाराशी बसून बसून गेली," मुलगा नळीत म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "रहाट वाजला की विचारायची, कोण आलं रे? शेवटच्या दिवशीसुद्धा विचारलं तिने. तिला टाकून गेलो, एवढं एकदा म्हणा. एकदाच!"

"तुझ्यापुढे नाक घासायला आलेलो नाही मी."

"मग बसा तिथेच."

त्याने हाताची घडी घातली. राग खोटा नव्हता त्याचा. जमलेल्यांपैकी अर्ध्यांनी त्या बाईला त्या दारात बसलेलं पाहिलं होतं. पण खालचं पाणीही खोटं नव्हतं.

तेवढ्यात म्हाताऱ्याची लेक धावत आली. ती सासरहून, अगदी खालच्या ओळीतल्या घरातून, पायऱ्या चढून आली होती आणि तिला बोलायलाही दम उरला नव्हता. तिने सरळ रहाटाची दांडी धरली.

"ताई, सोडा," गड्यांचा मुकादम म्हणाला. "तुमचा हात चालत नाही. तुम्ही दिलेल्या घरच्या."

"माझे वडील आहेत ते!"

"असतील. पण घर बदललं तुमचं."

"दादा!" ती भावाकडे वळली. "अरे, पाणी बघ तरी!"

"त्यांना सांग. एका शब्दाचं काम आहे."

नळीतून घरघर आली. म्हातारा काहीतरी म्हणाला, पण शब्द पाण्यात विरघळले. मग एक मोठा बुडबुडा फुटल्यासारखा आवाज झाला आणि नळी बंद पडली. नळीचं खालचं तोंड माणसाच्या छातीइतकं उंच आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. भावाने घडी सोडली नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"माझ्या सासरचे म्हणून ओढा मग!" लेक किंचाळली.

"त्याला तुमच्या घरचं कुणी मोठं माणूस लागतं."

"आलंय मोठं माणूस," मागून कुणीतरी धापा टाकत म्हणालं. "सून चुलीवरचं तसंच टाकून पळाली, घरभर धूर झाला. जीव जातोय माझा या पायऱ्यांनी."

तिची सासू होती. गर्दीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. या बाईचं आणि म्हाताऱ्याचं काय सख्य होतं ते सगळ्या कड्याला माहीत होतं. लग्नात, भरल्या माणसांत, तो तिच्या घराला खुराडं म्हणाला होता आणि तेव्हापासून तिने त्याचं नावही तोंडातून काढलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही यात पडू नका," मुलगा म्हणाला. "तुम्हाला काय कमी ऐकवलंय त्यांनी?"

"ऐकवलं ना. भरपूर ऐकवलं. मला बोलायची पाळी आली तेव्हा गलबतात बसून पळाला." तिने सुनेला कोपराने बाजूला सारलं. "इतकी वर्षं तोंडाशी आणून ठेवलंय मी सगळं. आता बुडालेल्या माणसाला काय सुनावू, कपाळ?"

तिने दांडीवर थाडकन हात मारला. "माझ्या घरचा. फिरवा!"

गड्यांनी दांड्यांवर अंग टाकलं. रहाट करकरला, दोर ताणला, आणि सगळे कठड्याशी धावले. पाळणा भिंतीला धडका घेत वर येत होता. म्हातारा त्यात उभा होता, दोराला मिठी मारून, गळ्यापर्यंत भिजलेला. दात वाजत होते, तरी मान ताठ होती.

पाळणा वर येऊन थांबला. तो आणि कठडा यांच्यामध्ये एक पाऊल अंतर होतं, आणि खाली सगळा समुद्र. म्हाताऱ्याने एक पाय उचलला आणि पुन्हा पाळण्यातच टेकवला. मुलगा पुढे झाला. आपण काय करतोय हे त्याला कळायच्या आत त्याचा हात बापाकडे गेला होता, आणि म्हाताऱ्यानेही आपला उचलला होता.

विहिणीने मुलाच्या मनगटावर फटका मारला.

"हात मागे घे," ती म्हणाली. "आमच्या घरचा माणूस आहे तो. त्याला धरायचं की पाडायचं, ते आमचं आम्ही बघू."