बंदराचं पान

"भाऊजी, आधी आपली बोट बघा," वहिनी म्हणाली. "मग मावशींची."

वादळ ओसरलं होतं, पण बंदराची वेबसाइट रडतखडत चालली होती. ज्याचं माणूस समुद्रावर, तो प्रत्येक जण तिच्यावर तुटून पडला होता. साइट उघडली की यादीतल्या पहिल्याच, कुणा अनोळखी बोटीचं पान समोर यायचं आणि तिथेच अडकून बसायचं. ताटकळून दिराने शेवटी बटणं दाबायचा नाद सोडला. ऑफिसात तो वेबसाइट तपासणारे प्रोग्राम लिहायचा; तसाच एक त्याने घाईघाईने खरडला. प्रोग्रामने हव्या त्या बोटीवर क्लिक करायचं आणि पान उघडलं की 'स्थिती'पुढचा मजकूर उचलून आणायचा.

पहिलं उत्तर आलं. दादाची बोट: सुखरूप.

वहिनीने देवाला हात जोडले. तेवढ्यात दुसरं आलं. मावशींच्या मुलाची बोट: बुडाली. शोध थांबवला.

शेजारच्या मावशी दारातच उभ्या होत्या. एकुलता एक पोरगा. त्यांनी हंबरडा फोडला नाही, नुसतं "बरं" म्हणाल्या. वहिनीला स्वतःच्या आनंदाची लाज वाटली. दुपारभर ती त्यांना जवळ घेऊन बसली, पाठीवरून हात फिरवत.

दिराला चैन पडेना. त्याने प्रोग्राम पुन्हा नजरेखालून घातला आणि कपाळावर हात मारला. नवं पान आलं का, हे प्रोग्राम 'स्थिती' हा शब्द दिसतो का यावरून ठरवत होता. पण तो शब्द तर प्रत्येकच पानावर! त्याने एक ओळ वाढवली: जुनं पान जाईपर्यंत थांब. मग मावशींच्या बोटीवर पुन्हा क्लिक करवलं. या वेळी बराच वेळ लागला.

सुखरूप.

"मावशी, पोरगा जिवंत आहे!" तो ओरडलाच. "चूक माझी. नवं पान यायच्या आतच माझा प्रोग्राम दर वेळी आधीच्या बोटीचं उत्तर घेऊन येत होता."

मावशी आता कुठे रडल्या. वहिनी रडत-हसत त्यांच्या गळ्यात पडली.

"धन्य आहे तुमची, भाऊजी! जीवच घेतला होतात की यांचा," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि मग ती बुडालेली बोट कुणाची हो?"