तीन पिढ्यांचं निदान

दवाखाना तिसऱ्या पिढीकडे आला होता, आणि शिवणकाम करणाऱ्या मावशींची पोटदुखीही त्याच्या मागोमाग तिथवर आली होती. त्यांच्या फाईलच्या पुठ्ठ्यावर तरुण डॉक्टरणीच्या आजोबांनी निदान लिहिलं होतं, 'मनाचे खेळ'. ते खोडून बाबांनी लिहिलं होतं, 'ॲसिडिटी'.

नात मात्र हट्टाला पेटली. तिने मावशींना दुधातली साखर पाण्यातून पाजली, तीन तास बसवून नव्या कोऱ्या यंत्रात पुन्हा पुन्हा फुंकायला लावलं आणि श्वासातल्या वायूचा आकडा चढताच टेबलावर थाप मारली.

"मावशी, सापडलं! तुम्हाला दूध पचत नाही! पंचेचाळीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही बघा!"

"अगंबाई, हो का?" मावशी गालातल्या गालात हसल्या. "एकदा फाईल उघडून तरी बघायचीस."

तिने उघडली. पहिल्याच पानावर आजोबांचं मोत्यासारखं अक्षर होतं.



'रुग्णाची तक्रार : बाई म्हणतात, दूध पचत नाही.
उपचार : सकाळ-संध्याकाळ एकेक पेला दूध.'