पाण्यातले देव

वारंगा फाट्यावर दारुड्याच्या जीपनं प्रतीक्षाला उडवलं तेव्हा आजीनं, मंजुळाबाईनं, नातीसाठी पातेल्यात देव पाण्यात ठेवले. पोरगी दवाखान्यातच गेली. तेरावा झाला तरी त्या पातेल्याला कुणी हात लावला नाही. आज पोरीचा बाप विश्वंभर ते उचलून विहिरीकडं निघाला. "माय, वाचवता येत नव्हतं तर तो देव कसला? आन् येत असून वाचवलं न्हाई, तर चांगला कसला?" मंजुळाबाई आडवी आली. "मला न्हाई ठावं, बाबा. पर त्यांना बुडवलं मीच. कुणाला बुडवून लेकरू माघारी येतंय का?" पातेलं घेऊन ती एकेक देव पदरानं पुसू लागली. एवढं सोसून तिच्या बोटांत ही माया कुठून आली? विश्वंभर तिच्याशेजारी खाली बसला. तळाशी बाळकृष्ण उरला होता. त्यानं तो सदऱ्यानं पुसला; आधी कान, न्हालेल्या पोरीचे पुसायचा तसे.