समुद्राकडची खोली

"आज हरिहरेश्वर की दिवेआगर?" कुसुमावतीबाईंनी विचारलं.

"दिवेआगर," नचिकेत म्हणाला. "आणि या वेळी मुक्काम, आई. समुद्राकडची खोली घेतलीये."

लक्ष्मीबाई नगरातल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये वर्षभर दर शनिवारी हाच प्रश्न निघायचा. श्रीवर्धनचं घर बंद करून बाई मुलाकडे आल्या आणि दिल्लीत त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. नातीला, मयुराला, त्या आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत. एकदा कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर थबकून त्यांनी विचारलं, "समुद्र कुठे गेला रे?"

नचिकेतला दुसरं काही सुचलं नाही. "ओहोटी आहे, आई."

त्यांना ते पटलं. तेव्हापासून मायलेकांच्या सहली सुरू झाल्या. कॉलनीला वळसा घातला की हरिहरेश्वरची प्रदक्षिणा व्हायची. बाजारापर्यंतचा फुटपाथ म्हणजे शेखाडीवरून दिवेआगरला जाणारा किनाऱ्याचा रस्ता. बाई त्याला वाटेत सुरूचं बन दाखवत, खडकावरून जपून चाल म्हणत. आठवडाभर मंत्रालयात फायली उपसणाऱ्या नचिकेतला त्या सहलींची चटकच लागली होती. आईला बरं वाटावं म्हणून सुरू केलेलं खोटं त्याला स्वतःलाच गोड लागू लागलं होतं.

आजची सहल मात्र तशी नव्हती.

गेल्या महिन्यात एका दुपारी बाईंनी गॅस सुरू केला आणि पेटवायचा विसरल्या. आतल्या खोलीत मयुरा झोपली होती. नशिबाने रुचिता ऑफिसमधून लवकर आली. ती सासूला एका शब्दाने बोलली नाही. खिडक्या उघडल्या, मयुराला उठवून बाहेर बसवलं आणि संध्याकाळी नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला माझी मुलगी जिवंत हवीये, नचिकेत."

त्याने दिल्लीबाहेर मानेसरला वृद्धांसाठीची एक जागा पाहिली. स्वच्छ होती, माणसंही बरी होती. जागेची त्याला भीती नव्हती. भीती होती ती आईला कळण्याची. तिने एकदा जरी "मला घरी ने" म्हटलं तर आपण गाडी वळवणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर मयुराचं काय, हे विचारायचं धाडस त्याच्यात नव्हतं. म्हणून आज आईला काहीही कळता कामा नये, एवढीच त्याची धडपड होती.

रुचिताने बॅग भरली. बाईंनी कपाटातून लोकरीचा स्वेटर काढून त्यात कोंबला.

"आई, दिवेआगरला स्वेटर कशाला?"

"असू दे," त्या म्हणाल्या.

मग त्या नातीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पुस्तकात डोकं घातलेल्या पोरीकडे बघत राहिल्या. "मयुरा, दूध पीत जा गं," म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. रुचिता वाकून नमस्कार करताना रडली. बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. "पुरे पुरे. मी काय काशीला चाललेय?"

जयपूर हायवेला गाडी लागली. टोलनाक्यावर रांग होती.

"म्हसळा आलं का रे?"

"आलंच, आई."

मानेसरजवळ कारखान्यांची पाळी सुटली होती. कंपनीच्या बसेस, शेअर ऑटो, रस्ताभर माणसं.

"केवढी गर्दी! जत्रा आहे वाटतं."

"हो. जत्राच आहे." नचिकेतला हुंदका फुटला. त्याने खोकल्याचं सोंग केलं. आईने बाटलीचं झाकण उघडून त्याच्या हातात दिलं.

"पी. घाटात तुला लहानपणापासून त्रास होतो."

त्याला वाटलं, इथल्या इथे जमीन दुभंगावी.

फाटकाशी द्वारका नावाची अटेंडंट उभी होती. काय बोलायचं ते तिला आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलं होतं. "आइए माताजी," तिने हात दिला. "आपका कमरा समुंदर की तरफ़ है."

खोलीच्या खिडकीतून कुंपणाची भिंत दिसत होती आणि भिंतीपलीकडे हायवे. ट्रकची घरघर एकसारखी चालू होती. बाई पलंगावर टेकल्या. त्यांनी डोळे मिटले.

"गाज ऐकू येतेय का रे?"

"येतेय, आई."

"मग झालं तर. तू नीघ आता. भरती लागली की वाट बंद होते."

"पुढच्या शनिवारी येतो."

"ये. हरिहरेश्वरला जाऊ."

त्याने पायांवर डोकं ठेवलं आणि मागे न बघता बाहेर पडला. गाडीत बसल्यावर तो पोरासारखा रडला. आईने चार शिव्या घातल्या असत्या, हात धरून ठेवला असता, तर परवडलं असतं. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. जन्मदात्या आईला आपण असं फसवलं, या पापाला क्षमा नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. डोळे पुसून त्याने गाडी सुरू केली.

कुसुमावतीबाई उठून खिडकीशी आल्या. गाडी फाटकाबाहेर पडून हायवेच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

"परदा खुला रखूँ, माताजी?" द्वारकाने विचारलं. "समुंदर दिखता रहेगा."

"बंद कर दे, बेटी. ट्रक क्या देखने हैं," त्या म्हणाल्या. "और सुन, शनिवार को वो आएगा, तब भी तू समुंदर ही बोलना. उसे ज़रा भी शक हुआ कि मुझे सब मालूम है, तो वो मुझे घर ले जाएगा."